खांद्यापर्यंत चिखल

४ फेब्रुवारी

बेडक्या,

आशीर्वाद शेवटी. आधी काम.

तुझा पत्ता मला पाणबुड्यांचं सामान विकणाऱ्या आपल्या त्या जुन्या दुकानदाराकडून मिळाला. त्याला बोल लावू नकोस. नाही नाही म्हणत होता बिचारा. मी दुकानातच ठाण मांडलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला हातमोजे कसे निवडावेत ते शिकवायला लागले, तेव्हा वैतागून त्याने चिठ्ठीवर लिहून दिला. नऊ वर्षं तू त्याच्याकडून सामान मागवतोस, नऊ वर्षं मी त्याच्याच दुकानातून दोर आणते, आणि हा गृहस्थ तोंडातून ब्र काढत नाही. धन्य आहे. आणखी एक गोष्ट त्याच्या तोंडून निसटली, पण ती राहू दे.

तर काम. जाडी काढायची आहे. हो, तीच. बंदरसाहेबांचं पत्र आलंय. जहाजांची वाट रुंद करणार आहेत आणि आपली ही गाळ वाहणारी बोट बरोबर त्या वाटेच्या कडेला बसलीय. एप्रिलअखेर ती वर आली पाहिजे, नाहीतर ते बाहेरची माणसं आणून खालच्या खालीच तिचे तुकडे करणार. मी पत्र वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पहिल्यांदा ती वादळाने बुडाली. दुसऱ्यांदा आपण बुडवली. आपणच काढू." मग खुर्ची खिडकीकडे वळवली. विषय संपला.

मला तीन आकडे हवेत. जाडीच्या बुडाखाली हात घातलेला माणूस जगात तू एकटाच. पुढे, मधे आणि मागे ती चिखलात किती रुतली होती? नऊ वर्षांत आणखी बसली असेल, ते मी धरीन. तू फक्त तेव्हाचं सांग. बाकी काही लिहायची गरज नाही. कशी आहेस, बाबा कसे आहेत, काही नको. आकडे पुरेत.

बाबा बरे आहेत. मी बरी आहे. शेडचं छप्पर बदललं.

आशीर्वाद आकडे आल्यावर.

ताई

२१ फेब्रुवारी

बेडक्या,

सतरा दिवस झाले. तीन आकडे लिहायला सतरा दिवस लागतात का रे? शाळेत तू नऊ आणि सातची बेरीज बोटांवर करायचास, तीसुद्धा याहून लवकर व्हायची. मग मला 'त्रैराशिक' म्हणून चिडवून पळायचास. आता कुणी म्हणत नाही. चाळिशीच्या बाईला कोण त्रैराशिक म्हणणार!

तुझ्यानंतर चार पाणबुडे झाले. आताच्याला आम्ही उंट म्हणतो. उंच आहे आणि पाण्यात उतरण्याआधी काहीतरी चघळत उभा राहतो. माणूस भला आहे, काम बरं करतो, पण आकडा तीनदा म्हणायची त्याला लाज वाटते. मी वरून त्याच्या डोक्यावरच्या टोपातल्या फोनवर तीनदा सांगते, हा आपला एकदाच "हो हो" म्हणतो. परवा त्याला वर बोलावलं. म्हटलं, "हो हो काय? आकडा म्हण. टोपात हवेचा एवढा आवाज असतो, तू काय ऐकलंस ते मला कसं कळणार?" तर म्हणतो, "ताई, मी इथे पाढे म्हणायला लागलोय का?" बाबा खिडकीतून ओरडले, "हो! आणि तिसऱ्यांदा म्हटला नाहीस तर काम बंद. वर राजा उभा असला तरी बंद!" तेव्हापासून म्हणतो.

बाबांच्या दोन्ही रीती अजून चालू आहेत. आकडा तीनदा, हा एक. आणि ज्याने गणित केलं त्याने होडीत बसायचं, बरोबर उचलायच्या वस्तूच्या डोक्यावर. चुकलं तर आधी त्याचं बूड ओलं व्हावं, असं ते म्हणायचे. मी बसते. या नऊ वर्षांत एकदाही चुकवलं नाही. या नऊ वर्षांत.

काल न्हाणीघर धुताना ती निळी बादली दिसली. तुला आठवते ना? बाबा तिच्यावर ताणकाटा धरायचे, त्याला लोखंडाचा तुकडा लटकवायचे, आधी हवेत वजन, मग पाण्यात. मी आकडे लिहायचे. तू विचारलंस, "बाबा, पाणी चोरतं का वजन?" बाबा म्हणाले, "चोरत नाही. खालून हात देतं." मग तू तुझा पाय घातलास आणि हटून बसलास की माझ्या पायाचं वजन करा. पाच वर्षांचा होतास. मग ती रबरी बुडाची साबणदाणी. बाबांनी ती तळाला दाबून चिकटवली आणि विचारलं, "पाण्यावर तरंगते ना ही? मग आता वर का येत नाही?" मी विचार करत बसले. तू नाक पाण्याला लावून बोटाने तिची कड उचकटलीस आणि ती सुटून थेट तुझ्या नाकावर. घोळणा फुटला. मी हसून हसून न्हाणीघराच्या दारातच बसले.

बाबा म्हणाले होते, "पाणी हात देतं ते खालून. पण खाली शिरायला त्याला जागा नको? ती मिळेपर्यंत उलटं वरूनच दाबत बसतं." दहा वर्षांची होते मी. वहीत लिहून घेतलं होतं.

आकडे पाठव. इकडे सगळं अडलंय.

ताई

९ मार्च

बेडक्या,

कामापुरतं लिहायचं ठरवलं होतं, पण आज कामाचंही धड होत नाहीये.

जाडीचं गणित मांडलं. लोखंड चोवीस टन. ते तीन टन पाणी बाजूला सारतं, म्हणजे पाण्याने तीन टनांचा हात दिला. राहिले एकवीस. आपला एक फुगा हवा भरल्यावर दोन टन उचलतो. अकरा फुगे, बावीस टन. एक टन हातचा. शाळेतलं पोर करील. मग जुनी वही काढली आणि ते पान पाहिलं. तेच गणित, तेच आकडे, कोपऱ्यात चहाच्या कपाचा गोल डाग. सगळं बरोबर आहे रे. एकही चूक नाही. फक्त एक ओळ त्यात नाही.

बुडालेलं वर काढण्याचा माझा परवाना शेडमध्ये चौकटीत लावलाय. तो मी आता भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. उंटाने विचारलं, तर म्हटलं उन्हाने शाई उडते. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नाही.

मी हे लिहितेय आणि बाबांनी आत्ता विचारलं, "कुणाला लिहितेस?" म्हटलं, "बंदरसाहेबांना." म्हणाले, "बंदरसाहेबांना लिहिताना रडू येतं वाटतं?" मी म्हटलं, कांदा चिरला होता. स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले, "बरं." आज घरात कांदाच नव्हता.

तुझं नाव या घरात घेतलं जात नाही, हे तुला माहीत असेलच. पण उंटाचं काही चुकलं की बाबा म्हणतात, "आधीचा बरा होता." मग संध्याकाळपर्यंत दुखऱ्या मांडीवरून हात फिरवत बसतात.

आता ती दुसरी गोष्ट सांगते. पोटात ठेवून ठेवून माझंच पोट दुखायला लागलंय. दुकानदार म्हणाला, तू गेल्या महिन्यात एक पोहण्याचा पोशाख मागवलास. एवढासा. चार-पाच वर्षांच्या मापाचा. कुणासाठी रे? मी आत्या आहे का? मी त्याला म्हटलं, तसलाच एक दाखवा. बाही हातात धरून मोजली. जेमतेम दीड वीत. दुकानदार म्हणाला, "बाई, घ्यायचा आहे का?" मी नाही म्हणून बाहेर आले आणि दोर तिथेच विसरले.

चिखलाचं नाही सांगितलंस तरी चालेल. एवढं सांग.

ताई

२६ मार्च

बेडक्या, बेडक्या,

पाकिटावर तुझं अक्षर पाहिलं आणि मी ते घेऊन शेडच्या मागे गेले. अजून 'प'ला तशीच लांब शेपटी काढतोस. आत चार ओळी.

पुढे मनगटापर्यंत.
मधे कोपरापर्यंत.
मागे खांद्यापर्यंत.
मुलगी. साडेचार.

ना पत्ता, ना ताई, ना सही. पण मुलगी! साडेचार! नाव लिहायला काय शाई संपली होती? नाकाने कुणावर गेलीय? पाण्याला भिते की तुझ्यासारखी बेडूक आहे? मी आत्या आहे. दिवसभर हातातलं काम टाकून स्वतःशीच म्हणत होते. उंट म्हणाला, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

तुझा जुना रबरी पोशाख अजून शेवटच्या खुंटीवर आहे. बाबा टाकून दे म्हणाले होते, मी टाकते म्हणाले होते, आणि तो तिथेच आहे. आज त्याची बाही टेबलावर पसरली, पुढे हातमोजा लावला आणि मोजपट्टी घेतली. मनगटापर्यंत एकोणीस सेंटिमीटर. कोपरापर्यंत सेहेचाळीस. खांद्यापर्यंत अठ्ठ्याहत्तर. तुझ्या हाताने मोजलेला चिखल तुझ्याच बाहीवरून वाचला. मग बाहीवर डोकं ठेवून बसले. रबराचा वास अजून तसाच येतो.

आता खरं सांगते. मला हे आकडे नको होते. मला ते माहीत होते. तू त्या दिवशी फोनवर याच शब्दांत सांगितले होतेस, याच क्रमाने. "ताई, अकरा भरले, हलत नाही. पुढे मनगटापर्यंत, मधे कोपरापर्यंत, मागे खांद्यापर्यंत चिखल आहे." मी ऐकलं होतं. मला तुझं अक्षर हवं होतं, म्हणून कामाचं निमित्त काढलं. माझी एवढीच अक्कल.

नऊ वर्षं मिठाची गुळणी धरली, आता थुंकून टाकते. तुला सगळं माहीतच आहे, पण माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

त्या दिवशी परीक्षक साहेब माझं काम बघायला आले होते. त्यांनी मान हलवली की परवाना. मी इस्त्रीचे कपडे घालून धक्क्यावर त्यांच्या शेजारी उभी होते. होडीत माझ्या जागी बाबा बसले, म्हणाले, "आज तू साहेबांपाशी थांब, आजच्या दिवस मी बसतो." हवेचं यंत्र धडधडत होतं, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. फोन माझ्या कानाला. तू चिखलाचं सांगितलंस. त्याच वेळी साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढंच झालं, बेडक्या. एका माणसाने घड्याळ पाहिलं. चिखल आहे म्हणजे खाली पाणी नाही, म्हणजे आधी खालचा चिखल धुवा, पाण्याला शिरू द्या, थांबा. साबणदाणीपासून मला ठाऊक होतं. पण त्याला अख्खा दिवस गेला असता. मी यंत्राकडे तोंड फिरवून म्हटलं, "आणखी दोन. आणखी दोन. आणखी दोन."

तू म्हणालास, "आणखी दोन. आणखी दोन." आणि थांबलास.

तू तिसऱ्यांदा म्हणाला नाहीस. काम बंद व्हायला हवं होतं. मी ओरडले, "म्हण की!"

मग तू म्हणालास.

तेरा फुगे, सव्वीस टन. वजन एकवीस. जास्तीचे पाच टन चिखलाने धरून ठेवले होते, तोवर सगळं शांत होतं. चिखलाने सोडलं आणि जाडी थेट वर, बाबांच्या होडीखाली सुटली. मला होडी उलटी दिसली, मग नुसतं फेसाळ पाणी, मग फुगे फाटल्याचे आवाज आणि जाडी पुन्हा खाली. बाबांना तू बाहेर काढलंस, पाय चेचलेला. मी इस्त्रीच्या कपड्यांत धक्क्यावर उभी होते. माझे बूटसुद्धा भिजले नाहीत.

दवाखान्यात बाबांनी विचारलं, "दोन जास्त कुणी सांगितले?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "माझ्या मनाने भरले." मला वाटलं, आत्ता बोलावं. मग वाटलं, उद्या बोलू. बाबा म्हणाले, "माझ्या पाण्यात पुन्हा पाय ठेवू नकोस." मी पलंगाच्या पायाशी उभी राहून चादरीची घडी नीट करत होते. चूक तुझ्या नावावर गेली, म्हणून अकरा दिवसांनी मला परवाना आला आणि बाराव्या दिवशी तू गेलास.

तू वाट बघितलीस ना रे? बारा दिवस. मी बोलीन म्हणून.

मी बाबांना सांगणार आहे. जाडी काढायच्या आधी.

ताई

११ एप्रिल

बेडक्या,

सांगितलं.

दुपारची वेळ होती, बाबा खिडकीत रेडिओ ऐकत होते. मी रेडिओ बंद केला, वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. घड्याळापासून चादरीपर्यंत. त्यांनी भिंग लावून ते पान पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग रेडिओ लावला.

तीन दिवस माझ्याशी एक शब्द नाही. उंटाला म्हणायचे, "तिला विचार, माझा चष्मा कुठे आहे." मी दोन हातांच्या अंतरावर उभी. उंट बिचारा माझ्याकडे वळून म्हणायचा, "ताई, चष्मा..." मी म्हणायचे, "त्यांना सांग, डोळ्यांवर आहे." उंटाला हसावं की पळावं कळेना. मलाही कळेना. जेवण मुकाट जेवायचे. ताट मात्र मी उचलायच्या आत स्वतःच सरकवत मोरीपर्यंत न्यायचे, त्या पायाने.

चौथ्या दिवशी सकाळी दाढी करता करता आरशातूनच म्हणाले, "तो तिसऱ्यांदा म्हणाला नाही?"

"नाही."

"मग तो बरोबर होता."

"हो."

"मी त्याला काय म्हणालो होतो?"

मी टॉवेलची घडी घालायला लागले. म्हणाले, "बोल. शब्दन् शब्द बोल." मी बोलले. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. अर्धा गाल तसाच साबणाचा. म्हणाले, "पायाचं मला काही नाही, ताई. पाण्याच्या धंद्यात कुणाचं काही, कुणाचं काही जातंच. पण नऊ वर्षं मी त्याच्या नावाने बोटं मोडली, आणि तू समोर बसून मला चहा देत होतीस."

मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं आणि रडू दिलं. जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं असंही मी म्हणत नाही.

बंदरसाहेबांनाही लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वीचं आता कशाला उकरता?" मी म्हटलं, "चिखलातलं उकरल्याशिवाय वर येत नाही साहेब, आमचा धंदाच आहे." ते काही हसले नाहीत. जाडी काढेपर्यंत परवाना राहील, पुढचं वरचं ऑफिस बघेल. बघू दे. चौकट मी पुन्हा सरळ केली. आहे तोवर माझ्याकडे तोंड करून राहू दे.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "गणित आण." टेबलावर सगळं मांडायला लावलं, मोठ्याने. चिखलापाशी आले तेव्हा विचारलं, "खांद्यापर्यंत म्हणजे किती?" म्हटलं, "अठ्ठ्याहत्तर." "कशावरून?" मी उठून खुंटीवरचा पोशाख आणून दाखवला. त्यांनी बाही हातात घेतली, कोपराजवळचं ठिगळ अंगठ्याने दाबून पाहिलं. ते त्यांनीच लावलेलं आहे.

म्हणाले, "होडीत कोण?"

"मी."

"मला धक्क्यावर न्यायचं."

मुलीचं अजून सांगितलं नाही. एका वेळी एकच टन झेपेल त्यांना.

तुझी आठवण येते, बेडक्या. कामाच्या वेळी येते, चहाच्या वेळी येते, दुकानात मोठ्या मापाचा हातमोजा दिसला तरी येते. हे मी पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं. चिखल किती, विचारत बसले.

ताई

२८ एप्रिल

बेडक्या,

जाडी वर आली.

घाई केली नाही. उंट आणि मी सहा दिवस तिच्या मागच्या अंगाला लागलो. तो खाली पाण्याचा जोरदार फवारा धरून चिखल धुवायचा, मी वर फोन धरून बसायचे. मग दहा फुगे भरले. वीस टन, म्हणजे तिच्या वजनाला एक टन कमी. आणि थांबलो. दोन भरत्या, दोन ओहोट्या. बंदरसाहेब येऊन म्हणाले, "काही होताना तर दिसत नाही." बाबा खुर्चीतून म्हणाले, "साहेब, खाली पाणी शिरतंय. ते दिसत नसतं." साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी होडीतून पाहिलं त्यांना घड्याळ पाहताना. पण बसून राहिले.

काल सकाळी अकरावा फुगा. मी म्हटलं, "अर्धा. अर्धा. अर्धा." उंट म्हणाला, "अर्धा. अर्धा. अर्धा." मग पाव. मग राहिलेला पाव. मी होडीत, बरोबर तिच्या डोक्यावर. आणि मग होडीखालचं पाणी हलकेच गढूळ झालं. उंट फोनवर म्हणाला, "ताई, मागून सुटली. हात जातोय खाली. आरपार जातोय." मी त्याला वर यायला सांगितलं, होडी बाजूला वल्हवली, आणि बघत राहिले. जाडी आली ती आळोखेपिळोखे देत, आधी मागचा भाग, मग सगळी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. धक्क्यावर बाबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मागच्या कडीला ते दोन फाटके फुगे अजून बांधलेले होते. रबराच्या चिंध्या झाल्यात, शिंपले चिकटलेत, पण गाठ जशीच्या तशी. बाबा म्हणाले, "जवळ ने मला." हात लावून पाहिली. "त्याची गाठ आहे," म्हणाले. उंट सोडवायला गेला तर ओरडले, "सोडवू नकोस! दोर काप." आता ती गाठ जेवणाच्या टेबलावर आहे, मिठाच्या बरणीशेजारी. तिला चिखलाचा वास येतो. कुणी हलवायची नाही असा हुकूम आहे.

रात्रीची वाट पाहिली नाही, तिथेच धक्क्यावर सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, त्याला मुलगी आहे. साडेचार वर्षांची." त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "आपली ती साबणदाणी कुठे आहे?"

आज सकाळी उठले तर न्हाणीघरात निळी बादली काठोकाठ भरलेली. ताणकाटा तेल लावून खिळ्याला टांगलेला. साबणदाणीचं रबर कडक झालंय, चिकटत नाही, तर आता दुसरी आण म्हणतात. त्या पायाने एवढं पाणी कसं भरलं, मी विचारलं नाही.

मग चहा घेताना म्हणाले, "त्याला लिही, ये म्हणावं." मी म्हटलं, "लिहिते." म्हणाले, "तसं नको. आपल्या रीतीने लिही. एकदा लिहिलेलं त्याला ऐकू गेलं की नाही, आपल्याला कसं कळणार?" मी लिहायला घेतलं, दोनदा लिहिलं, तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं. बाबांना लिहिताना तू कधी पाहिलंयस? मी नाही. सगळं आयुष्य माझ्याकडून लिहून घेतलं. पेन मुठीत धरून, जीभ दाताखाली घेऊन, एवढंसं अक्षर काढायला चहा गार होईपर्यंत वेळ लावला.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, आशीर्वाद शेवटी. ते घे आता, तुला, तिला, आणि जिच्याबद्दल मी विचारलंही नाही त्या तिच्या आईला. मनापासून. माफ कर असं लिहीत नाही. ते समोर बसून म्हणेन, तुला हवं तितक्यांदा.

खाली पहिली दोन अक्षरं माझी आहेत. तिसरं, वाकडं, बाबांचं.

ये.

ये.

ये.

आता तू तीनदा म्हणायचंस.